मोहिमेला पावसाळा हवा

पडद्यावर हिंदुस्थानचा नकाशा उघडला तेव्हा मी सगळ्यात आधी पन्हाळा शोधायला लागलो. सातारा सापडला, मराठ्यांची राजधानी म्हणून. पन्हाळा नव्हता, विशाळगड नव्हता, कोल्हापूरही नव्हतं. शेजारी बसलेला भाचा म्हणाला, ‘‘मामा, गड कुठं शोधताय? आधी कर किती लावायचा ते बघा की.’’

पन्नाशीत हाती आलेला हा माझा पहिला व्हिडिओ गेम, ‘एम्पायर : टोटल वॉर’. इंग्लंडमधल्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीनं २००० साली जपानच्या सरदारांवर ‘शोगन’ काढला आणि ही मालिका सुरू झाली. पुढं मध्ययुगीन युरोप आला, रोम आला आणि २००९ च्या मार्चमध्ये अठराव्या शतकावरचा हा ‘एम्पायर’ आला. मुख्य मोहिमेत हिंदुस्थानातून एकच सत्ता घेऊन खेळता येतं, ती म्हणजे मराठे. मोगल आणि म्हैसूर फक्त प्रतिस्पर्धी म्हणून समोर येतात. २०२४ मध्ये हा खेळ मोबाइलवरही आला. त्यामुळं माझ्यासारखी, आयुष्यात कधी गेम न खेळलेली माणसंही आता त्याच्याकडं वळतील. मालिकेत काय टिकावं आणि काय बदलावं, याबद्दल नवख्यानंही बोलावं असं मला वाटतं ते म्हणूनच.

खेळाचे थर दोन. वरच्या थरात नकाशा. तिथं पाळीपाळीनं चालायचं, एक पाळी म्हणजे सहा महिने. खालच्या थरात प्रत्यक्ष लढाई, ती डोळ्यांसमोर सलग चालते. मी पहिल्यांदा गोंधळलो तो वरच्या थरात. श्रीमंतांवर वेगळा कर, गरिबांवर वेगळा. मंत्री नेमा, शाळा बांधा, कुठली विद्या आधी शिकायची ते ठरवा. एक बटण दाबलं की युरोप, दुसरं दाबलं की अमेरिका. व्यापारी गलबतं पाठवायला ब्राझीलचा किनारासुद्धा आहे. साताऱ्याचं राज्य चालवताना ब्राझीलचं काय करायचं, हे मला बराच वेळ उमगलं नाही. लढाईत तर वीस पलटणी एकाच वेळी हुकमाची वाट बघत उभ्या. हत्ती कुठं, बंदूकवाले कुठं, घोडदळ कुठल्या बाजूला, काही कळेना. ‘‘मामा, आधी थांबवा की त्याला! थांबवून हुकूम देता येतोय,’’ भाच्यानं सांगितलं आणि तिथून मला रणांगण दिसायला लागलं.

रणांगण दिसायला लागल्यावर जे कळलं, ते या मालिकेनं कधीही सोडू नये. इथं फौज शेवटचा माणूस पडेपर्यंत लढत नाही. तिचा धीर सुटतो. बाजूनं मार बसला, शेजारची पलटण पळाली किंवा सरदार पडला की उभी माणसं पाठ फिरवतात. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासराव पडल्यावर काय झालं, हे मराठी घरात वेगळं सांगावं लागत नाही. मी ते अनेकदा वाचलं होतं. पण चांगली लढणारी रांग एका क्षणात का फुटते, हे मला या खेळानं पहिल्यांदा समजावलं. माणसाचं मन हा युद्धाचा हिशेब आहे, हा या मालिकेचा सगळ्यात खरा विचार आहे.

दुसरी टिकवण्यासारखी गोष्ट म्हणजे ‘एम्पायर’नं मुलूख उघडा केला. शेती, बंदरं, कारखाने राजधानीच्या तटाबाहेर, नकाशावर वेगवेगळे दिसतात. शत्रूचं शहर न घेताही त्याचं उत्पन्न बुडवता येतं. मराठ्यांच्या युद्धाच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काही मला या खेळात दिसलं नाही.

आता बदलायचं काय? पहिलं, पंचांग. इथल्या वर्षाला ऋतू दोन, उन्हाळा आणि हिवाळा. युरोपात हे चालेल. आमच्याकडं आषाढात गगनबावड्याच्या घाटात उभं राहून बघावं, म्हणजे मोहीम कशानं अडते ते कळेल. आपल्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत, कारण त्याआधी वाटा आणि नद्या निघूच देत नसत. १७०२ च्या जूनमध्ये औरंगजेबानं विशाळगड घेतला, तोही अखेर बोलणी करून आणि पैसे मोजून. त्यानंतर पन्हाळ्याकडं परतताना भर पावसात त्याच्या फौजेचे जे हाल झाले, ते कुठल्याही लढाईत झाले नसते. ओढे फुगले, जनावरं गेली, सामान गेलं. खेळात हा शत्रू नाहीच. चार महिन्यांची एक पावसाळी पाळी आली, तर दख्खनच्या मोहिमेचा सगळा विचारच बदलेल.

दुसरं, माघार. इथं रणांगण सोडलं की पराभव लिहिला जातो. गनिमी काव्यात मात्र रसद मारून निघून जाणं हाच विजय. शत्रूचं किती धान्य गेलं, तो किती दिवस अडकला, यावर यश मोजलं पाहिजे.

तिसरं आणि माझ्या सगळ्यात जवळचं, गड. पन्हाळा आमच्या कोल्हापुरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात तो आहे. तिथं अंबरखान्यासमोर उभं राहिलं की त्या कोठारांच्या आकारावरूनच कळतं की हा गड दाण्यावर लढत होता. भिंत पाडून गड जिंकणं हा दख्खनमध्ये अपवाद होता. किल्लेदाराशी बोलणी, पोटात किती महिन्यांचं धान्य आहे याचा अंदाज, पावसाआधी सोडून द्यायचा की पावसापर्यंत झुंजवायचा, यावर गडाचं भवितव्य ठरे. औरंगजेबानं १७०० ते १७०४ या काळात सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा घेतले. तो एकेका गडाखाली अडकलेला असताना राजाराम महाराजांच्या मागं राज्य चालवणाऱ्या ताराराणींच्या फौजा माळव्यात आणि गुजरातेत शिरत होत्या. गड हातचा गेला तरी वेळ हाती आला होता, आणि पुढं बरेचसे गड परतही आले.

हे मागणं अवघड नाही, हे मला भाच्यानंच दाखवलं. चीनवरच्या २०१९ च्या ‘थ्री किंगडम्स’मध्ये फौजेबरोबर रसद मोजली जाते आणि ती संपली की फौज खचते. २०१३ च्या ‘रोम २’मध्ये एकाच राज्यातली घराणी भांडतात आणि यादवी होते. ताराराणींनी उभी केलेली कोल्हापूरची गादी आणि शाहू महाराजांची साताऱ्याची गादी, त्यांच्यातला वाद आणि १७३१ चा वारणेचा तह यातून मांडता येईल. सगळे तुकडे याच मालिकेत पडलेले आहेत, ते दख्खनसाठी एकत्र आणायचे आहेत.

जपानला या मालिकेनं दोनदा स्वतंत्र खेळ दिला, चीनला एक दिला आणि त्या वेळी त्या भूमीप्रमाणं नियम बदलले. आम्हाला मिळाले ते युरोपच्या नियमांवर चढवलेले हत्ती. मला हत्ती नकोत असं नाही, पण नियमही आमचे हवेत. नवखा माणूस गोंधळणारच. मग तो बटणांनी गोंधळण्यापेक्षा त्या काळातल्या पेचांनी गोंधळलेला बरा.

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. पुढचा खेळ दख्खनचा काढा. तो १७०० च्या मार्चमध्ये सुरू करा. राजाराम महाराज सिंहगडावर वारले आहेत, साताऱ्याला वेढा आहे, पंचवीस वर्षांच्या ताराराणींसमोर हिंदुस्थानचा बादशहा आहे आणि पाऊस तीन महिन्यांवर आला आहे. एवढं खेळणाऱ्याच्या हाती द्या. पुढचं राज्य त्याला राखू द्या.