व्याह्यांच्या गांवचा उत्सव

परमुलखीं पाहुणा म्हणून जाणें सोपें; परंतु ज्या घरीं जाण्याचें आपण पांच वर्षें टाळलें, त्या घराचा उंबरा ओलांडणें कठीण. गेल्या वैशाखांत हा प्रसंग आम्हांवर आला. त्याची हकीकत वाचकांस सादर करितों.

आमचे धाकटे चिरंजीव फिलिपाइन्स देशांत लॉस बान्योस येथील आंतरराष्ट्रीय भात-संशोधन संस्थेंत नोकरीस आहेत. इ. स. १९६० मध्यें स्थापन झालेल्या या संस्थेनें १९६६ मध्यें 'आय. आर. ८' हें ठेंगणें व भरघोस पिकणारें भाताचें वाण काढिलें. आपल्या देशांतील शेतकऱ्यांनींही तें पेरलें. पांच वर्षांपूर्वीं चिरंजिवांनीं तेथील एका शिक्षिकेशीं विवाह ठरविला. तें वृत्त कळविणारें पत्र आलें तेव्हां आम्हीं उत्तरादाखल 'आशीर्वाद' एवढा एकच शब्द लिहून पाठविला, आणि विवाहास न जाण्यास प्रकृतीचें निमित्त सांगितलें. प्रकृति उत्तम होती. पुढें नात झाली, ती बोलूं लागली, तरी आमचें निमित्त संपेना. शेवटीं एके दिवशीं आमचें कुटुंब म्हणालें, "तुम्हांला यायचें नसेल तर राहा. मी एकटी जातें." तेव्हां आम्हीं मुकाट्यानें पासपोर्ट काढला.

मनिलाच्या विमानतळावर सूनबाई सामोऱ्या आल्या. त्यांनीं वाकून आमचा उजवा हात उचलला व आपल्या कपाळाशीं नेला. पायां पडणें आम्हांस ठाऊक. हा प्रकार अपरिचित. आम्हीं दचकून हात मागें घेतला. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत. रात्रीं चिरंजिवांनीं सांगितलें कीं, वडील माणसाचा हात कपाळास लावणें हाच तेथील नमस्कार असून त्यास 'मानो' म्हणतात. स्पॅनिश भाषेंत 'मानो' म्हणजे हात. सुनेचा नमस्कार नाकारणारा सासरा, अशी आमची पहिली ओळख झाली. त्या रात्रीं झोंप लागली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मनिलांतील राष्ट्रीय संग्रहालयांत गेलों. तेथें सूनबाईंनीं आम्हांस मुद्दाम एका लहानशा ताम्रपटापाशीं नेऊन उभें केलें. इ. स. १९८९ मध्यें लागुना प्रांतांत लुंबान नदीच्या मुखाजवळ तो सांपडला. लिपि प्राचीन कावि, भाषा मुख्यत्वें जुनी मलय. परंतु आरंभींच 'स्वस्ति' असा मंगल शब्द असून पुढें शक ८२२, वैशाख मास, कृष्णपक्षांतील चतुर्थी, सोमवार अशी मिति कोरलेली आहे. म्हणजे इ. स. ९००. आपल्या घरच्या पंचांगावर जो शक छापलेला असतो, तोच शक समुद्रापलीकडे अकराशें वर्षांपूर्वीं लिहिला जात होता! पटांतील मजकूर ऋणमुक्तीचा आहे. नाम्वरान नामक गृहस्थाच्या सोन्याच्या कर्जांतून त्याचीं मुलें व वंशज यांस मुक्त केल्याचें त्यांत लिहून दिलें आहे.

आम्हीं छत्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविलें, पण या देशाशीं आपला कांहीं संबंध असेल असें मनांतही आलें नव्हतें. सूनबाईंनीं टागालोग भाषेंतील शब्द सांगण्यास आरंभ केला. चेहऱ्यास 'मुखा', आशेस 'आसा', वनदेवतेस 'दिवाता'. दरिद्री मनुष्यास 'दुखा' म्हणतात. "आणि शिक्षकास?" आम्हीं विचारिलें. "गुरो," त्या म्हणाल्या. त्या स्वतः गुरो, आम्हीही गुरो. एकाच धंद्यांतील दोन माणसें पांच वर्षें एकमेकांशीं बोललीं नव्हतीं.

सूनबाईंचें माहेर लुकबान येथें, बानाहाव पर्वताच्या पायथ्याशीं आहे. व्याही शेतकरी. इ. स. १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनचें राज्य असल्यानें देशांतील बहुतेक लोक कॅथॉलिक आहेत. शेतकऱ्यांचा संत इसिद्रो याचा उत्सव १५ मे रोजीं असतो. लुकबानांत त्यास 'पाहियास' म्हणतात. इसिद्रो हा माद्रिद येथील शेतमजूर. तो प्रार्थनेंत मग्न असतां देवदूत त्याचा नांगर हांकीत, अशी कथा आहे. ती ऐकतांच कुटुंबास जनाबाईचें जातें ओढणारा विठ्ठल आठवला.

उत्सवापूर्वीं चार दिवस आम्ही तेथें पोंचलों. मागील पडवींत विहीणबाई कांहीं करीत बसल्या होत्या. तांदळाचें रंगीत पातळ पीठ झाडाच्या रुंद पानावर पसरावयाचें, तें वाफवावयाचें, गार झाल्यावर अलगद सोलावयाचें व दडपून वाळवावयाचें. पानाच्या शिरा न् शिरा त्यावर उमटलेल्या! याचें नांव 'किपिंग'. कुटुंब क्षणभर पाहत राहिलें आणि म्हणालें, "अहो, ह्या तर आपल्या फेण्या!" मग पदर खोंचून तें विहीणबाईंच्या शेजारीं जाऊन बसलें. एकीस टागालोग येते, दुसरीस मराठी. परंतु सायंकाळपर्यंत दोघींनीं पानांची एक चळत संपविली. फरक इतकाच कीं, आपण फेण्या तळून खातों. तेथें प्रथम त्यांनीं घर सजवितात, खाणें मागाहून.

उत्सवाच्या सकाळीं गांव ओळखूं येईना. लाल, पिवळ्या, हिरव्या किपिंगांचीं झुंबरें खिडक्यांतून लोंबत होतीं. भिंतींवर भाताच्या लोंब्या, वांगीं, मिरच्या, अननस, केळ्यांचे घड. ज्याच्या शेतांत जें पिकतें तें त्यानें दारीं मांडावें, हाच नियम. संताची मूर्ति मिरवीत नेतात व पाद्री दारोदारच्या पिकांवर आशीर्वादाचें जल शिंपडतात. मिरवणुकीचा मार्ग दर वर्षीं बदलतो, त्यामुळें प्रत्येक आळीस पाळी मिळते. यंदा पाळी व्याह्यांच्या आळीची होती.

सायंकाळीं शाळेंतील मुलांनीं 'टिनिक्लिंग' नाच केला. दोन मुलें जमिनीवर दोन लांब कळक धरून तालांत आपटतात व जुळवितात. नाचणारीं अनवाणी मुलें त्यांच्या फटींत पाऊल टाकून पाऊल मिटण्यापूर्वीं उचलतात. भातशेतांत टुणटुण चालणाऱ्या 'टिकलिंग' पक्ष्यावरून हें नांव पडलें. नातीनें आम्हांसही ओढून नेलें. तिसऱ्याच तालास घोटा कळकांत सांपडला. सर्वांबरोबर आम्हीही हंसलों.

आतां भोजनाविषयीं. तेथें भाजींतही मासळीचें पाणी घालण्याची रीत असल्यानें आमची धास्ती मोठी होती. परंतु विहीणबाईंनीं आमच्यासाठीं नवी कढई, नवा डाव व नवीं पातेलीं आणून वेगळ्या चुलीवर मांडिलीं होतीं. भोपळा व चवळीच्या शेंगा नारळाच्या दुधांत शिजविल्या होत्या. केळीच्या पानांत गुंडाळलेला चिकट तांदळाचा 'सुमान', आपल्या नारळीभाताचा सख्खा भाऊ शोभेल असा 'बिको', आणि खालीं-वर निखारे ठेवून भाजलेली 'बिबिंका', तीही आमच्याकरितां अंडें वगळून. गोव्याच्या बेबिंकेशीं हिचें नांव जुळतें, घडण मात्र निराळी. 'पान्सित हाबहाब' नामक शेवया पानावर वाढतात; पण हात न लावतां पानच तोंडाशीं नेऊन खावयाच्या! त्याही मांसावांचून केल्या होत्या.

मागाहून चिरंजिवांकडून एक गोष्ट कळली. सणाच्या दिवशीं सबंध डुक्कर निखाऱ्यावर भाजणें हा त्या देशीं यजमानपणाचा मोठा मान. व्याह्यांनीं तें या वर्षीं शेजाऱ्याच्या परसांत भाजविलें, आपल्या अंगणांत धूरही येऊं दिला नाहीं. आम्हांस क्लेश होऊं नयेत म्हणून. आळीची पाळी पुन्हां केव्हां येईल कोण जाणे, तरी त्यांनीं तो मान सोडला. आणि आम्ही त्यांच्या कन्येच्या विवाहासही गेलों नव्हतों! ताम्रपटांतील मुलांस बापाच्या ऋणांतून मुक्ति मिळाली. येथें ऋण बापाचेंच होतें, व तें त्यानेंच फेडावयास हवें होतें.

निघतांना सूनबाईंनीं लांबूनच हात जोडले. आम्हीं आपला हात आपण होऊन पुढें केला. त्यांनीं तो कपाळास लाविला. व्याही आम्हांहून दहा वर्षांनीं वडील. त्यांचा मातींत राबून खरबरीत झालेला हात आम्हीं आपल्या कपाळास लाविला. ते कांहींसे संकोचले, मग त्यांनीं आमच्या पाठीवर हात ठेविला.

असो. येत्या दिवाळीस व्याही व विहीणबाई आमचेकडे येणार आहेत. त्यांना काय रुचतें, काय सोसतें, आमच्या स्वयंपाकघरांत त्यांच्यासाठीं कोणती सोय करावी, हें सर्व विचारणारें पत्र आम्हीं सूनबाईंस लिहिलें आहे. या खेपेस तें चार पानें झालें.