लेकरांच्या उंचीचे हत्ती

अंगणवाडी सेविका म्हणून रुजू झाले तेव्हा मला वाटायचं, हे काम म्हणजे बडबडगीतं, खिचडी आणि वजनकाटा. खिचडीचं मदतनीस मावशी बघतात, वजनं पोषण ट्रॅकरवर चढवायची आणि गाणी तर मला लहानपणापासूनच पाठ. मग प्रशिक्षणात परिसरभेटीचा विषय निघाला. पोस्ट, बाजार, शेत, कुंभाराचं चाक हे सगळं ठीक होतं. पण शिकवणाऱ्या मॅडमनी मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या कलासंग्रहालयात चार-चार वर्षांची लेकरं फरशीवर मांडी घालून भल्यामोठ्या चित्रासमोर बसलेली. हूं नाही की चूं नाही. मॅडम म्हणाल्या, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात २०१९ साली खास मुलांसाठी वेगळं संग्रहालय उघडलंय, तिथं बालवाडीची मुलंही जातात.

मी विचारलं, "आम्ही पुसेगावातून कुठं न्यायचं?"

मुंबईचं नावच सोडा. जवळची म्हणावीत तर माहूरचं संग्रहालय नांदेड जिल्ह्यात, तेरचं थेट धाराशिवमध्ये. तीन ते सहा वयाचं लेकरू गाडीत बसलं की पहिल्याच वळणावर उलटी करतं. मॅडम म्हणाल्या, "अहो, औंढा आहे की तुमच्या जिल्ह्यात!"

औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात मी कितीदा गेलेय. रांगेत उभं राहायचं, तळातल्या गाभाऱ्यात वाकून उतरायचं, नागनाथाला हात लावायचा, वर यायचं, चहा घ्यायचा. बाहेरच्या भिंतीवर काय आहे असं कुणी विचारलं असतं तर ‘मूर्ती आहेत’ यापलीकडे मला सांगता आलं नसतं. त्यामुळं आधी स्वतःच अभ्यास केला. देऊळ यादवकाळातलं, खालचा भाग जुना हेमाडपंती, वरचा भाग नंतर बांधून काढलेला, जीर्णोद्धारात अहिल्याबाई होळकरांचं नाव येतं. जुन्या देवळांच्या पायथ्याला असलेल्या हत्तींच्या ओळीला गजथर म्हणतात, घोड्यांच्या ओळीला अश्वथर, माणसांच्या ओळीला नरथर. हे सगळं वहीत उतरवून घेतलं आणि मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "ते समदं बराबर हाय बाई, पन लेकरायला मुतायला कुठं न्यायचं ते आधी बघा."

सोमवार टाळला, कारण सोमवारी औंढ्यात पाय ठेवायला जागा नसते. वरून परवानगी, घरच्यांच्या सह्या, दोन लेकरांमागं एक आई, एका पालकाची क्रूझर आणि दुसऱ्याची उसनी. संक्रांत होऊन गेलेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हरभरा उभा होता आणि अर्ध्या लेकरांना ‘भाईर बघा’ म्हणताच घाट्यांची आठवण झाली. दोघांनी उलटी केली. मावशींनी जुन्या लुगड्याचा पीळ घालून लांबलचक दोर केला होता, त्याला हात-हातभर अंतरावर गाठी. देवळाच्या दारात त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक एक गाठ दिली आणि बजावलं, "गाठ सुटली की घरी." मुंबईच्या संग्रहालयातही यापेक्षा बरी सोय असेल असं मला वाटत नाही.

आत गेल्यावर मी वही उघडली आणि वर बोट करून म्हणाले, "हे बघा, किती सुंदर शिल्पं आहेत!"

कुणीच वर बघितलं नाही. एकजण चपला कुठं ठेवल्या ते विचारत होता. एक माकडाच्या शोधात होती. मी पुन्हा मोठ्यानं म्हणाले, पुन्हा तेच. मला घाम फुटला. बाकीचे भाविक आमच्या दोराला वळसा घालून दर्शनाच्या रांगेकडं निघालेले आणि आयांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं, ‘ह्या बाईनं आपल्याला इथं आणलंय कशाला?’

तेवढ्यात दोराच्या शेपटाकडून आरोळी आली, "हत्ती!"

ओळीतलं सगळ्यात बुटकं लेकरू भिंतीला नाक लावून उभं होतं. त्याच्या नाकासमोर, अगदी समोर, दगडातला हत्ती. मग एका दमात सगळा दोर भिंतीकडं ओढला गेला. "ह्यो बी हत्ती!" "ह्यो घोडा!" "ह्याची सोंड तुटली!" "कुणी तोडली?" मी पोरांच्या मागं वाकून बघायला लागले, तेव्हा कुठं ध्यानात आलं. मोठ्या माणसाच्या डोळ्यांसमोर देवादिकांच्या मूर्ती येतात आणि त्याही बघायला मान वर करावी लागते. हत्ती-घोडे आणि शिपाई मात्र खालच्या पट्ट्यांत, आपल्या गुडघ्या-मांडीच्या आसपास. आपण ते ओलांडून जातो. तीन फुटांच्या माणसाला मात्र ते थेट डोळ्याला डोळा भिडवून भेटतात. शिल्पकारानं हे लेकरांसाठी केलं नव्हतं हे मलाही कळतं. देवळाचा भार हत्तींनी पेलावा अशी काहीतरी त्यामागची कल्पना. पण सातशे वर्षांनंतर फायदा झाला तो आमच्या पुसेगावच्या लेकरांचा.

मग मी वही पिशवीत टाकली आणि भुईवर फतकल मारली. खाली बसल्यावर मलाही निराळंच दिसायला लागलं. एका हत्तीच्या पायाशी दगड इतका गुळगुळीत झालेला की त्यात ऊन चमकत होतं. दुसऱ्याच्या पोटाखाली कुंकवाचं बोट पुसलेलं. सोंड गेलेल्या ठिकाणी खडबडीत खळगा राहिलेला आणि त्या खळग्यात एका पोरीनं बोट घातलेलं. मी ओरडणार तोच मावशींनी हुकूम सोडला, "हात पाठीमागं! डोळ्यानं बघायचं!" सगळ्यांचे हात पाठीमागं गेले, आणि दोर सुटला. पुढचा वेळ मावशी तो दोर गुंडाळत सगळ्यांना मोजत होत्या.

प्रश्न काय आले म्हणाल तर वहीतला एकही नाही. हत्तीला दोन डोळे का नाहीत, एकच का? घोड्यावरचा माणूस खाली कधी उतरणार? शिपायाला नाक नाही तर त्याला वास कसा येतो? याची उत्तरं कोणत्याही प्रशिक्षणात देत नाहीत. मी ‘तुला काय वाटतं?’ एवढंच म्हणत राहिले. पहिल्यांदा ते उत्तर येत नाही म्हणून म्हटलं, नंतर मजा यायला लागली म्हणून.

एका ठिकाणी रुसलेल्या पार्वतीची समजूत घालणारा शंकर आहे, असं मी वाचलं होतं. आम्ही तिथं थांबलो. मी सांगितलं, ही रुसलीय आणि हा तिला मनवतोय. एक पोरगी लगेच म्हणाली, "आमची माय बी अशीच बसते." तिची आई शेजारीच. ती पदरानं तोंड झाकून हसायला लागली आणि बाकीच्या आयांनी तिला सोडलं नाही. खरं सांगायचं तर त्यानंतरच आया भिंतीकडं नीट बघायला लागल्या. तोवर त्या फक्त लेकरं सांभाळत होत्या. एकीनं अर्धनारीनटेश्वर शोधून काढला आणि आम्हाला बोलावून दाखवला.

मागच्या बाजूला नंदी. तो देवासमोर नसून पाठीमागं का, हे तर कुणालाही विचारावंसं वाटतं. मी नामदेवांची गोष्ट सांगितली. हे आमच्याच जिल्ह्यातल्या नरसीचे. त्यांना देवासमोर कीर्तन करू देईनात म्हणून ते मागं जाऊन उभे राहिले, तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं. मोठ्यांना ही गोष्ट सांगितली की ते हात जोडतात. आमच्यातला एक म्हणाला, "भोवऱ्यावानी फिरलं का हळूहळू?" यावर दोन गट पडले आणि खिचडीचे डबे उघडेपर्यंत वाद मिटला नाही.

परतीच्या वाटेवर सगळी पोरं एकमेकांवर झोपली होती आणि मला अनुताई वाघांची कुरणशाळा आठवत होती. ताराबाई मोडक आणि अनुताईंनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, असा त्यांचा सरळ हिशेब. प्रशिक्षणात हे ऐकताना मी परीक्षेपुरतं लिहून घेतलं होतं. आता वाटतं, संग्रहालय नाही म्हणून हळहळत बसण्यात काही अर्थ नव्हता. मराठवाड्यात गावोगाव जुनी देवळं आहेत, बारवा आहेत, पाराखाली वीरगळ पडलेत. त्यांना तिकीट नाही, काच नाही. नाही म्हणायला माहितीचा फलकही बहुतेक ठिकाणी नाही, पण आमच्या लेकरांतल्या कुणालाच वाचता येत नसल्यामुळं त्याची अडचण झाली नाही.

दुसऱ्या दिवशी चिखलाचा गोळा दिला आणि म्हटलं, काल जे आवडलं ते करा. दोघांनी क्रूझर केली. एकीनं खिचडीचा डबा. बाकी सगळे हत्ती. पण एका पोराचा हत्ती उभा राहीना, कारण त्याला एकाच बाजूचे पाय आणि एकच कान होता. मी म्हटलं, "अरे, ह्याची दुसरी बाजू कर की."

"दुसरी बाजू भिताडात हाय," तो म्हणाला, आणि उठून त्यानं तो हत्ती अंगणवाडीच्या भिंतीवर चापटीनं बसवला. ते बघून बाकीचेही उठले. मी थांबवेपर्यंत फळ्याखाली, त्यांच्या उंचीला, हत्तींची ओळ लागलेली. आयांनी घरी जाऊन सांगितलं असावं, कारण संध्याकाळी दोन-तीन आज्या बघायला आल्या. पर्यवेक्षिका मॅडमनी फोटो मागवला. अहवालात ‘शिकवलेली संकल्पना’ असा रकाना होता. तिथं ‘प्राणी’ लिहावं की ‘शिल्पकला’ हे ठरेना, म्हणून दोन्ही लिहून टाकलं.

मावशींना यातलं काही पटलेलं नाही. भिंतीला नुकताच रंग दिलेला, आणि हत्ती वाळून पडायला लागले की कोण खरडणार, असं त्या रोज विचारतात. पडलेला हत्ती मात्र पाणी लावून परत चिकटवतात त्याच.