मधोमध बसवलेले मीटर

गाडीच्या मीटरमागचा उजेड रस्ता दाखवण्यासाठी नसतो. अंधारात काटा वाचता यावा एवढेच त्याचे काम, आणि ते करताना चालकाच्या नजरेला सरावलेला अंधार मोडू नये ही त्याची कसोटी.

खान्देशात हे मीटर अगदी जवळून पाहायला मिळे ते काळ्यापिवळ्या जीपमध्ये. धुळ्याहून निघालेली जीप मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी अशी माणसे भरत-उतरवत जळगावकडे जाई. जुन्या महिंद्रा जीपचे मीटर चालकासमोर नसून डॅशबोर्डच्या मधोमध असे. पुढच्या सीटवर चालकासह चौघे दाटीने बसलेले, आणि गिअरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून बसवलेल्या लहान मुलाच्या थेट नाकासमोर ती गोल तबकडी. मागे एक इवलासा बल्ब. त्याचा पिवळट उजेड आकड्यांवर सारखा पडत नसे. एक बाजू उजळ, दुसरी जवळजवळ काळी. त्या तबकडीवर चालकाने एक फडके टाकलेले असे. कोपरा दुमडून फक्त गरमचा, म्हणजे इंजिनच्या तापमानाचा, काटा उघडा ठेवलेला. "भाऊ, काटा पाहत जा. वर चढला का सांगजो," एवढे बजावून तो समोर पाही.

फडक्याखालचा वेगाचा काटा तसाही बहुधा शून्यावर पडलेला असे, कारण केबल तुटलेली. धड असला तर थरथरे. १९०२ साली ऑटो शुल्झ या जर्मन संशोधकाने पेटंट घेतलेली रचना पुढे कित्येक दशके जगभरच्या गाड्यांत चालली, तीच या जीपमध्येही होती. गिअरबॉक्सकडून आलेली केबल एक चुंबक फिरवते, त्याच्याभोवतीच्या अॅल्युमिनियमच्या वाटीत भोवरी प्रवाह निर्माण होतात, वाटी चुंबकामागे ओढली जाते आणि बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. केबल कोरडी पडली की ती अडखळत फिरते आणि काटा थरथरतो. ग्रीस घातले की शांत होतो.

बल्बच्या आधी, आणि नंतरही काही काळ, अंधारात काटे दिसावेत म्हणून रेडियमचा रंग वापरला जाई. घड्याळांना, विमानांच्या मीटरना, काही मोटारींनाही. अमेरिकेत न्यू जर्सीतील ऑरेंज येथे तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशाचे टोक ओठांत धरून टोकदार करत. रेडियम पोटात जाऊन कित्येकींच्या जबड्याची हाडे कुजली. पाच जणींनी कंपनीविरुद्ध लढवलेल्या दाव्यात १९२८ साली तडजोड झाली. तो रंग गेला. शब्द मात्र मराठीत राहिला. हायवेवरच्या चौफुलीजवळ 'रेडियम आर्ट'च्या पाटीखाली नंबर प्लेट आणि ट्रॉलीमागच्या पट्ट्या कापून मिळतात. त्या पट्ट्यांत रेडियमचा कणही नसतो. त्या स्वतः उजळत नाहीत, समोरचा उजेड परत फेकतात. मरण पावलेल्या त्या कामगार मुलींची खूण अशी धुळे-जळगाव रस्त्यावरच्या पट्टी लावलेल्या प्रत्येक कापसाच्या ट्रॉलीवर आहे, हे क्वचितच कोणाच्या लक्षात येते.

मीटरच्या उजेडाचा रंग ठरवताना डोळ्याची रचना पाहावी लागते. अंधुक प्रकाशात पाहण्याचे काम दंडपेशींचे. उजेडातून अंधारात आल्यावर त्या पुरत्या जाग्या व्हायला २० ते ३० मिनिटे लागतात, आणि एका झगझगाटात त्या पुन्हा निकामी होतात. तांबडा प्रकाश त्यांना फारसा जाणवत नाही, म्हणून काही जर्मन गाड्यांत तांबूस-नारिंगी मीटर आले. हिरवा रंग थोड्या उजेडातही वाचता येतो. बल्बवर हिरवी टोपी बसवण्याची जुनी पद्धत त्यामुळेच शहाणपणाची होती. निळा सर्वांत वाईट. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी निळा टिपणाऱ्या पेशी जवळजवळ नसतात, त्यामुळे निळे आकडे कडांना पसरल्यासारखे दिसतात. तरी १९९० च्या दशकात तेजस्वी निळा एलईडी हाती आल्यावर तोच रंग आधुनिक मानला गेला. शोरूममध्ये तो सुंदर दिसतो. रात्री मुकटीच्या पुढे तो डोळ्यांत खुपतो.

१९८९ च्या लेक्सस एलएस ४०० मध्ये चावी फिरवेपर्यंत काळीभोर दिसणारी आणि मग आतून उजळणारी तबकडी आली. पुढे केबल जाऊन सेन्सर आला आणि काटा छोट्या स्टेपर मोटरवर फिरू लागला. आता अनेक गाड्यांत काटाही उरलेला नाही. २०२१ च्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० मध्ये १०.२५ इंचांचे दोन पडदे शेजारी शेजारी आहेत. त्यावर सारे काही दिसते.

या प्रगतीत एक गोष्ट मात्र गेली, आणि ती खान्देशात तरी जायला नको होती. अनेक छोट्या गाड्यांतून इंजिनच्या तापमानाचा काटा काढून टाकला गेला. त्याच्या जागी दिवा: इंजिन थंड असताना निळा, फाजील तापल्यावर तांबडा. मधले काहीच कळत नाही. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो. भर दुपारी पाच माणसे आणि एसी घेऊन लळिंगचा घाट चढणाऱ्याला काटा हळूहळू सरकताना दिसायला हवा. तो दिसला तर एसी बंद करून गाडी वेळेत सावलीला घेता येते. तांबडा दिवा लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

स्वीडनच्या साब कंपनीने १९९० च्या दशकात आपल्या गाड्यांना एक बटण दिले. ते दाबले की वेगाचा काटा सोडून सारे मीटर काळे होई. बाकीचे काटे बिघाड झाला तरच उजळत. साबचे मूळ विमाने बनवण्यात होते, आणि रात्रीच्या वैमानिकाला काय नको असते हे तिला ठाऊक होते. जीपच्या चालकाने तेच फडक्याने साधले होते. जीपची काच सपाट, जवळजवळ उभी. मीटरचा उजेड तिच्यात उमटला की पलीकडची कापसाने भरलेली, दिवा नसलेली गाडी दिसत नसे.

आजच्या बहुतेक गाड्यांत उजेड कमी करण्याची चाकी असते, किंवा पडद्यावरच्या सेटिंगमध्ये ती सोय दडलेली असते. आकडे जेमतेम वाचता येतील इतका उजेड पुरतो. फागणे ते तरसोद रस्ता आता चौपदरी झाला, तरी कापसाच्या ट्रॉल्या त्याच रस्त्याने जातात आणि प्रत्येकीला मागे पट्टी असतेच असे नाही.

त्या जीपमध्ये फडके सकाळी काच पुसायला वापरत. रात्री त्याला डिझेलचा वास येई. त्याच्या दुमडलेल्या कोपऱ्यातून बोटभर पिवळा उजेड मुलाच्या गुडघ्यावर पडलेला असे, आणि एरंडोल येईपर्यंत काटा मध्यावरच असे.