चेसरचा किडा

तात्यांचा चेसर (कमानीवरचे दिवे पळवणारी पेटी) बिघडला म्हणजे बंद पडला नाही. उलट सगळे दिवे लागले आणि लागलेलेच राहिले. आठही लाइनी एकदम पेटलेल्या, हलायचं नाव नाही. गावातल्या वायरमनने दोन दिवस खपून आठही ट्रायॅक बदलले, नव्याने डाग दिले, आणि पैसे घेताना म्हणाला, "आता पेटी भंगारात द्या."

तात्या माझे धाकटे चुलते. त्यांचा मंचरला मंडप-डेकोरेशनचा धंदा होता. गणपती, यात्रा, लग्नं, जिथे कमान तिथे तात्या. १९९१ च्या गणपतीत त्यांनी स्वतः बांधलेला हा चेसर आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतल्या कितीतरी मंडळांपुढे नाचला होता. एलईडीच्या तयार माळा आल्या, धंदा उतरला, पेटी माझ्या दुकानाच्या फळीवर येऊन पडली. एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध एवढाच, की टोनर संपला की मी शिव्या देतो.

यंदाच्या गणपतीला त्या चेसरची कमान पुन्हा लावायची, असं तात्यांनी फेब्रुवारीतच काढलं. नाही कसं म्हणणार?

वायरमनने हात टेकल्यावर पेटी उघडून तात्यांनी मला आतला संसार दाखवला. ५५५ नावाचा एक आयसी टिकटिक करतो, म्हणजे सेकंदाला आठ ठोके देतो. ते ठोके ४०४० नावाचा आयसी मोजतो. आणि तो आकडा जातो एका लांबोळक्या किड्याकडे, ज्याच्या पाठीवर गोल काचेची खिडकी आहे. "ह्यो २७१६. ह्याच्या पोटात दोन हजार अठ्ठेचाळीस घरं. एकेका घरात आठ दिव्यांचा हिशेब, कुठला लावायचा आन् कुठला इझवायचा. मोजणारा घर सांगतो, ह्यो हिशेब देतो." मग खिडकीवर बोट ठेवून म्हणाले, "हितली पट्टी कुठं गेली रं?"

पट्टी मीच काढली होती. पेटी फळीवर ठेवताना खिडकीवर काळा, चिकट, धूळ बसलेला तुकडा दिसला, तो नखाने खरवडून टाकला. स्वच्छता म्हणून! झाकण तर आधीच फुटलेलं होतं. त्याला सहा वर्षं झाली, आणि ती सगळी वर्षं किडा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली डोळा उघडा ठेवून पडला होता.

या जातीच्या आयसीला ईप्रॉम म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोहमन यांनी १९७१ साली ही कल्पना आणली. पहिल्या १७०२ मध्ये जेमतेम २५६ बाइट मावत. आत प्रत्येक बिटासाठी एक बंद खोली असते, चहूबाजूंनी काचेसारख्या थराची. जास्त व्होल्टेज देऊन तिच्यात इलेक्ट्रॉन कोंबायचे, की ते वर्षानुवर्षं आतच राहतात. इलेक्ट्रॉन आत असले तर शून्य, नसले तर एक. अतिनील किरण खिडकीतून पडले की कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांना थर ओलांडण्याइतकं बळ येतं, ते निसटतात, आणि सगळीकडे एकच एक होतो. इंटेलच्या माहितीपत्रकात लिहिलंय, की थेट उन्हात साधारण आठवडाभरात आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली साधारण तीन वर्षांत मजकूर पुसला जातो. तात्यांच्या पेटीत एक म्हणजे दिवा चालू. आठ दिवे सतत का जळत होते, याचं उत्तर माझ्या नखात होतं.

तात्या रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. आत गेले आणि चौकटीची एक वही घेऊन आले. आठ उभे रकाने, पानामागून पान काळ्या-पांढऱ्या चौकटी, कडेला पेन्सिलीने आकडे: ०१, ०२, ०४, ०८, १०, २०, ४०, ८०. एकूण ५१२ ओळी. तोच नाच चार वेळा लिहिला की २०४८ घरं भरतात. एका फेरीला एक मिनिट चार सेकंद. त्यात कमानीच्या मधलं सूर्यफूल उमलतं, चक्र फिरतं, आणि शेवटी सगळं एकदम दोनदा लुकलुकतं. "हे परत लिवायचं," तात्या म्हणाले, जसं काही पाटीवरच लिहायचं होतं.

मी आधी ऑनलाइन एक प्रोग्रामर मागवला. मोबाइलएवढी डबी, यूएसबीची वायर. त्याने चिप वाचली खरी, पडद्यावर एफएफ एफएफ एफएफ (म्हणजे आठही बिट एक) अशा रांगा, मध्येच एखादा उरलासुरला आकडा, ओस पडलेल्या वाड्यात एखादी भिंत उभी असावी तसा. पण लिहायला गेलो की पहिल्याच घरात नापास. त्याच महिन्यात २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनासाठी खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ठिकाणी गेलो होतो. तिथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या त्या प्रचंड अँटेना बघत सगळे उभे असतात (सगळ्या मिळून तीस आहेत, पण एका वेळी डोळ्यांत मावते एकच). प्रदर्शनात एका वयस्कर गृहस्थांना मी माझं रडगाणं सांगितलं. ते हसले. "तुमची डबी किती व्होल्ट देते? अठरा? २७१६ ला लिहिताना पंचवीस लागतात. पुढच्या पिढ्यांत एकवीस झाले, मग साडेबारा. जितकी जुनी चिप, तितका जोराचा दणका." मग म्हणाले, "आणि विकत घेताना टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची २७१६ घेऊ नका. नाव तेच, पण तिला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात. त्यांची २५१६ चालेल." एकाच आकड्याच्या दोन वेगळ्या वस्तू आणि वेगळ्या आकड्याची तीच वस्तू! हे ज्याने ठरवलं त्याला आमच्या तलाठी कार्यालयात नोकरी सहज मिळाली असती.

मग चिपा आणि पंचवीस व्होल्टचा प्रोग्रामर शोधायला पुणे. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं पालथी घातली. तरण्या पोरांनी आर्डुइनो पुढे केला. आर्डुइनोत हे सगळं शंभर ओळींत होतं, खर्चही कमी, आणि शहाण्याने तेच करावं, हे मी आजही मान्य करतो. पण तात्यांना ते सांगायचं धाडस मला झालं नाही. रविवारी जुन्या बाजारात गेलो. तिथे गंजलेले पाने, बिनकाट्याची घड्याळं, आणि एका पोत्यात उखडलेले बोर्ड. त्यातून तात्यांनी लिहून दिल्याप्रमाणे पाच २७१६ निघाल्या, तीस रुपयांना एक. प्रोग्रामर मात्र नाही.

तो सापडला भोसरीत, म्हणजे येता-जाता ज्या रस्त्याने मी शंभर वेळा गेलो त्याच रस्त्यावर. तिथे जुन्या सीएनसी मशीनचे कंट्रोलर दुरुस्त करणारं एक दुकान आहे. त्या मशीनींचा मेंदू अजून ईप्रॉमवरच असतो, म्हणून त्यांनी आपले जुने प्रोग्रामर टाकलेले नाहीत. मालकाने त्यांतला जादाचा एक पंधराशे रुपये अनामत घेऊन दिला. राखाडी लोखंडी डबा, वर खिटीचं सॉकेट, मागे प्रिंटर पोर्टची जाड केबल, आणि एक फ्लॉपी. प्रिंटर पोर्ट असलेला संगणक माझ्याकडे होता. डॉट मॅट्रिक्सवर बिलं काढण्यासाठी ठेवलेला पेंटियम, ज्याला बायको दुकानातली अडगळ म्हणते. फ्लॉपी दोनदा वाचली नाही, तिसऱ्यांदा वाचली. विंडोजमध्ये प्रोग्राम चालेना, निव्वळ डॉसमध्ये चालला.

पहिली चिप मी पाच सेकंदांत मारली. सॉकेट अठ्ठावीस पायांचं, चिप चोवीस पायांची. मी ती वरच्या टोकाला, खिटीला लागून बसवली. प्रोग्रामचं बटण दाबलं, वास आला, बोट लावलं तर चटका. चोवीस पायांची चिप खालच्या टोकाला बसवायची असते, हे डब्यावरच छोट्या चित्रात दाखवलेलं होतं. चष्मा लावल्यावर दिसलं.

उरलेल्या चारही "ब्लँक चेक"ला नापास, पोटात कुणाचे तरी जुने आकडे. म्हणजे आधी पुसणं आलं. ऐन मे होता. आईचे पापड गच्चीवर वाळत होते, त्यांच्याच साडीच्या कोपऱ्यावर मी चारही किडे खिडकी वर करून ठेवले. चौथ्या दिवशी आईने विचारलं, "हे पण तळायचं का रे?" त्याच संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. पापडांबरोबर किडेही घरात आले, अर्धवट पुसलेले.

मग ओळखीच्या हॉटेलातलं माश्या मारायचं निळं यंत्र मागून आणलं. रात्रभर ठेवलं. एक बिट हललं नाही. तो निळा उजेड दिसायला जहाल, पण त्याची तरंगलांबी साडेतीनशे नॅनोमीटरच्या वर असते, आणि ईप्रॉमला हवे असतात २५४ नॅनोमीटर. ते घरोघरी असतात! पाण्याच्या फिल्टरमधली यूव्हीची नळी नेमकी तीच. जुन्या फिल्टरची नळी तिच्या चोकसकट काढली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवली, खाली एक इंचावर चिपा, झाकण घट्ट. झाकण घट्ट हे महत्त्वाचं, तो उजेड डोळ्यांत गेला तर डोळे रात्रभर वाळू घातल्यासारखे खुपतात. वीस मिनिटांनी ब्लँक चेक: पास. चारही.

दोन रात्री बसून वहीतल्या ५१२ ओळी टाइप केल्या. प्रत्येक बाइटला पन्नास मिलिसेकंदांचा ठोका, २०४८ बाइट, म्हणजे १०२ सेकंद. पडद्यावर आकडा सरकत होता आणि डब्यातून अगदी बारीक किणकिण येत होती. व्हेरिफाय: पास. मी दुकानाबाहेर येऊन एक आख्खा चहा एकट्याने प्यालो.

तात्यांच्या अंगणात कमान उभी केली. बटण दाबलं. दिवे धावले, आणि तात्यांचा चेहरा पडला. फूल उमलायच्या ऐवजी मिटत होतं. वहीतला पहिला रकाना मी, कडेचे आकडे न बघता, सगळ्यात मोठा बिट धरला होता, तात्यांनी तो सगळ्यात लहान धरला होता. मधली पाकळी आणि बाहेरची पाकळी यांची अदलाबदल झाली होती. पुन्हा बिस्किटांचा डबा, पुन्हा वीस मिनिटं, आणि सगळे आकडे उलटवून पुन्हा १०२ सेकंद.

दुसऱ्या संध्याकाळी फूल उमललं. शेजारची पोरं जमली. तात्या खुर्चीत बसून तीन फेऱ्या गप्प बघत राहिले. मला वाटलं, गहिवरले. चौथ्या फेरीला म्हणाले, "चौथी लाइन एक पाऊल आदी लागती."

मला काहीच दिसलं नव्हतं. वही काढून मिळवलं: ०४ च्या जागी माझ्याकडून ०सी पडलं होतं, ५१२ मध्ये एका ठिकाणी, म्हणून चिपमध्ये चार ठिकाणी. मी मुकाट्याने किडा काढला आणि बिस्किटांच्या डब्याकडे हात नेला.

"त्ये कशाला?" तात्या म्हणाले. "दिवा लावायचा आसंल तर पुसायला लागतं. हितं इझवायचाय. वरनंच लिव."

खरंच होतं. एकाचं शून्य कधीही करता येतं, शून्याचा एक करायला किरण लागतात. फाइल दुरुस्त केली, ब्लँक चेक वगळला, तीच चिप तशीच पुन्हा लिहिली. व्हेरिफाय पास.

मी चिप घेऊन आलो, तोवर तात्यांनी काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा कापून अंगठ्याला चिकटवून ठेवला होता. "आधी हे," म्हणाले. त्यांनी तो खिडकीवर बसवला, अंगठ्याने दोनदा दाबला, आणि मग माझ्या हातांकडे बघत म्हणाले, "नखं काप."