मोत्यासंगे कच्छच्या रणात

सहलीचा विषय निघाला की आपल्या मराठी माणसाचे मन आपोआप थंड हवेकडे धावते. महाबळेश्वर, माथेरान, खिसा गरम असेल तर उटी नाहीतर सिमला. उन्हातून उठून अधिक कडक उन्हात जाणाऱ्याला चार शहाणी माणसे काय म्हणतील हे सांगायला नकोच. यंदाच्या मार्चमध्ये आम्ही तंबू, स्टोव्ह आणि कुत्रा मोटारीत घालून कच्छच्या रणाकडे निघालो, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "लोक उन्हाळ्यात पाण्याकडे जातात आणि तुम्ही..." पुढचे वाक्य त्यांनी मोत्याकडे पाहत गिळले.

मोत्या जातीने अस्सल गावठी. नऊ वर्षांपूर्वी भर श्रावणात रावेतच्या बंधाऱ्याजवळ कुडकुडत बसलेला आमच्या ह्यांना सापडला आणि तेव्हापासून घरात ठाण मांडून आहे. मुलगी शिकायला परगावी गेल्यावर घरात तो, हे आणि मी एवढीच माणसे उरलो. त्याला कुठे ठेवून जावे असा विषय मी काढताच हे शांतपणे म्हणाले, "तो येणार नसेल तर मीही येत नाही." कुत्र्याला मागे टाकून स्वर्गात पाऊल ठेवायला धर्मराजाने नकार दिला, ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. तिचा प्रयोग घरातच होईल असे मात्र वाटले नव्हते!

ह्यांचे सारे आयुष्य चाकणच्या एका कारखान्यात मोटारींच्या सहवासात गेलेले. त्यामुळे त्यांनी मोत्याचाही विचार इंजिनासारखाच केला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. येतो तो पंजांच्या तळव्यांना, आणि तोही नाममात्र. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती धापा टाकून. "त्याची जीभ म्हणजे त्याचा रेडिएटर," हे म्हणाले, "आणि रेडिएटरला पाणी लागतं." मग नियम ठरले. प्रवास पहाटे पाच ते सकाळी दहा, आणि पुन्हा उतरत्या उन्हात. डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू ठेवून सावकाश सात आकडे मोजता आले, तरच मोत्याने खाली उतरायचे. बंद मोटारीत त्याला क्षणभरही एकटे सोडायचे नाही. आणि पाणी ४० लिटर, त्यातले १० एकट्या मोत्याचे.

रावेतकरांना पाण्याचे असे माप नवे आहे. पवनेचे पाणी आमच्या बंधाऱ्यावरून उचलले जाते आणि पिंपरी-चिंचवडची तहान भागवते. घाटमाथ्यावरच्या लोणावळ्यात वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. कच्छात त्याच्या एक-दशांशाच्या आसपास पडला तरी वर्ष बरे गेले म्हणायचे. आणि हा जिल्हा केवढा? ४५,६७४ चौरस किलोमीटर. क्षेत्रफळाने देशातला सर्वांत मोठा!

किवळ्याला द्रुतगती मार्ग धरला तो थेट सुरत, भडोच, बडोदे करीत. कुत्रा पाहिल्यावर रिकाम्या खोल्याही एकाएकी भरून जातात हा अनुभव पहिल्याच रात्री एका लॉजवर आला, आणि तंबू आणल्याचे सार्थक झाले. दुसऱ्या दिवशी सूरजबारीचा पूल ओलांडून कच्छात शिरलो. दोन्ही बाजूंना मिठागरे, मिठाचे पांढरे ढीग. भूजच्या पुढे खावड्याच्या रस्त्यावर कर्कवृत्ताची पाटी लागली. भूगोलाच्या पुस्तकातली ती तुटक रेघ आपण खरोखरच ओलांडीत आहो, याचे मला लहान मुलीसारखे कौतुक वाटले. मोत्याने मात्र त्या पाटीचा उपयोग कुत्र्यांच्या परंपरेला धरूनच केला.

त्या रात्री बन्नीत, मालधाऱ्यांच्या एका वांढीशेजारी त्यांच्या परवानगीने तंबू ठोकला. मालधारी म्हणजे गुरे राखून जगणारे लोक, आणि वांढ म्हणजे त्यांची वस्ती. बन्नी हे अडीच हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचे सपाट गवताळ रान. इथल्या म्हशी रात्री चरतात. दिवसाच्या काहिलीत हिंडण्यापेक्षा सूर्य बुडाल्यावर रानात जायचे आणि पहाटे दुधाच्या वेळेला आपापल्या दारी परतायचे, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ह्यांचे प्रवासाचे वेळापत्रक म्हशींना आधीच ठाऊक होते तर!

सकाळी एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हांला वीरडा दाखवला. आपल्याकडे नदीच्या वाळूत झिरा उकरतात, त्याचाच हा थोरला भाऊ. बन्नीच्या पोटातले पाणी खारे. पण पावसाचे गोडे पाणी सखल जागी मुरते आणि हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. तेवढाच वरचा थर मिळावा म्हणून उथळ खड्डे खणायचे, कडा ढासळू नयेत म्हणून आतून लाकूड आणि गवत लावायचे, आणि बेताने उपसायचे. हाव धरून उपसा केला की खालचे खारे पाणी वर आलेच. आता बन्नीत नळ पोचले आहेत, तरी ही विद्या विसरण्याजोगी नाही. वीरड्याच्या काठाला मातीची एक डोणी होती, जनावरांसाठी. मोत्याने आमची परवानगी न विचारताच तिचा लाभ घेतला.

खावड्याच्या पुढे काळा डुंगर, कच्छातले सर्वांत उंच ठिकाण, सुमारे ४६० मीटर. वर दत्ताचे देऊळ आहे. नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या आपल्या माणसाला दत्त म्हटले की पायाशी चार कुत्री आठवतात. इथे मान आहे कोल्ह्यांचा. भुकेल्या कोल्ह्यांपुढे द्यायला काही नव्हते म्हणून दत्तात्रेयांनी 'ले अंग' म्हणत स्वतःचे अंगच पुढे केले, अशी कथा. त्याचेच पुढे 'लोंग' झाले. आजही आरतीनंतर पुजारी 'लोंग, लोंग' अशी हाक घालून ओट्यावर भाताचा प्रसाद ठेवतो आणि रानातून कोल्हे येतात. मोत्याला घेऊन मी दूर मोटारीपाशी उभी राहिले. तो भुंकला नाही. कान टवकारून, जणू लांबच्या नातलगांची पंगत पाहावी, तसा पाहत राहिला.

तिसऱ्या दिवशी खावड्याहून धोलावीऱ्याला निघालो. मधला सुमारे ३० किलोमीटरचा रस्ता थेट रणाच्या छातीवरून जातो. डावी-उजवीकडे क्षितिजापर्यंत मीठ, वर आभाळ, मध्ये डांबराची एक काळी रेघ. ह्या रस्त्याला हौशी लोकांनी 'स्वर्गाचा रस्ता' असे नाव दिले आहे. मी ह्यांच्याकडे पाहिले आणि दोघांनाही एकदमच हसू आले. महाप्रस्थानातला कुत्रा तर मागच्या सीटवरच बसला होता! दूरवर मृगजळ चकाकत होते. आम्ही दोघे माना वळवून वळवून पाहत होतो, मोत्याने ढुंकूनही पाहिले नाही. नाकाने जगणाऱ्याला मृगजळ फसवीत नाही.

साडेनऊच्या सुमारास मागचे चाक बसले. जॅकवर चढवलेल्या गाडीचे इंजिन चालू ठेवता येत नाही, म्हणजे गार हवाही बंद. सावली फक्त मोटारीची, तीही हातभर. एक नट काही केल्या सुटेना. पाऊण तास गेला. मोत्याची धाप वाढली, जीभ लालभडक झाली, लाळ चिकट झाली. पाणी पुढे केले तर तो तोंड फिरवू लागला, आणि उठायला गेला तो पाय फाकून बसला. माझ्या पोटात धस्स झाले. ह्यांनी पाना टाकला. एकदम गार पाणी नको, साधेच, असे म्हणत दोघांनी त्याच्या पोटावर, काखांत, पंजांवर पाणी ओतायला सुरुवात केली. मी पदराने वारा घालत होते. त्याचे दहा लिटर संपले, मग आमचेही ओतले. ह्या मुलखात मी कुत्र्याच्या अंगावर पाणी ओतते आहे, हा विचार मनाला टोचत होता. हात मात्र थांबत नव्हता.

एवढ्यात दुधाचे रिकामे कॅन घेऊन एक टेंपो आला. दोघे उतरले. एकाने नटाला हात घातला. दुसरा वयस्क होता. त्याने आपला पाण्याचा कॅन उतरवून सरळ माझ्यापुढे ठेवला. मी ओशाळून म्हटले, "तुमचं पिण्याचं पाणी, आणि कुत्र्यासाठी?" तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "मुका जीव आहे. आम्हीसुद्धा आधी म्हशींना पाजतो, मग आपण पितो." पैशाचे नाव काढताच त्याने कानाला हात लावले. अर्ध्या तासाने मोत्याने मान उचलली आणि भांड्यात जीभ घातली. त्या लपलप आवाजाइतके गोड काही मी अलीकडे ऐकलेले नाही.

धोलावीरा आम्ही दोघांनी एकत्र पाहिले नाही. एकाने मोत्यापाशी झाडाखाली बसायचे, दुसऱ्याने आत जायचे. २०२१ साली जागतिक वारशात दाखल झालेले हे सिंधुसंस्कृतीचे नगर मनसर आणि मनहर ह्या दोन ओढ्यांच्या मधे वसले आहे. पावसाळ्यापुरते वाहणारे हे ओढे बांध घालून अडवायचे आणि ते पाणी तटालगतच्या तलावांत वळवायचे, अशी त्यांची योजना. पूर्वेचा तलाव ७३ मीटर लांब आणि २९ मीटर रुंद; मोहेंजोदडोचे प्रसिद्ध स्नानकुंड जेमतेम १२ मीटरांचे. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या कोरड्या पायऱ्यांवर मी बसले तेव्हा वाटले, वीरड्याचा म्हातारा आणि टेंपोतला तो माणूस ह्याच नगरीचे वारस. पाणी कसे साठवावे हे एकाने सांगितले, कोणाला आधी द्यावे हे दुसऱ्याने.

दुसऱ्या पहाटे तंबू गुंडाळताना मोत्याच्या भांड्यात तळाशी पाणी उरले होते. घरी मी ते सहज मोरीत फेकले असते. ह्यांनी ते भांडे उचलून बाभळीच्या बुंध्याशी ठेवले. सामान बांधून होईपर्यंत तिथे दोन चिमण्या येऊन पाणी पीत होत्या आणि मोत्या त्यांच्याकडे पाहत स्वस्थ पडला होता.