मधले दार

आपल्या मध्यमवर्गीय घरांत कॉलेज मुलाचे नसतेच. ते आईवडिलांचे असते. मुलगा कुठे शिकतो हे सांगताना त्यांचा आवाज एकतर चढतो, नाहीतर उतरतो. सातासमुद्रापलीकडे गेले तरी यात फरक पडत नाही.

माझी धाकटी बहीण कॅलिफोर्नियात असते. भाच्याचे शाळेतले शेवटचे वर्ष वडिलांच्या आजारपणात गेले. गुण घसरले आणि तो गावातल्या कम्युनिटी कॉलेजात दाखल झाला. मंडळाच्या गणेशोत्सवात कोणी ‘कोणते कॉलेज?’ असे विचारले, की बहीण म्हणे, “घराजवळच आहे!”

ही कॉलेजे दोन वर्षांची, सरकारी आणि बेताच्या फीची. प्रवेशाला गुणांची अट नाही. इलिनॉयमधल्या जोलिएट गावी 1901 साली असे पहिले कॉलेज निघाले. पुढे 1960 साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाची मोठी योजना आखली. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या आठव्या हिश्शाला राज्याचे मुख्य विद्यापीठ, वरच्या तिसऱ्या हिश्शाला राज्य कॉलेजे आणि बाकी सर्वांना ही दोन वर्षांची कॉलेजे. इथवर ही नवी वर्णव्यवस्थाच म्हणायची! पण योजना करणारे शहाणे होते. विद्यापीठात खालच्या दोन वर्षांना 40, तर वरच्या दोन वर्षांना 60 असे विद्यार्थ्यांचे प्रमाण असावे, असे त्यांनी सुचवले. म्हणजे मधल्या दाराने येणाऱ्यांना बसायला जागा राहील!

सगळीकडे असा उदारपणा नाही. प्रिन्स्टनने 1990 साली बंद केलेले हे दार 2018 साली उघडले, तेव्हा 1,400हून अधिक अर्जांतून बोलावणे आले ते अवघ्या 13 जणांना.

भाचा दोन वर्षे सकाळी वर्गात बसे आणि संध्याकाळी किराणा दुकानात गल्ला सांभाळी. इथला कोणता विषय बर्कलेला धरतात, कोणता नाही, याची यादी तो पंचांगासारखी पाही. अखेर बर्कलेचा प्रवेश मिळाला. बहिणीने मध्यरात्री फोन करून आमची सारी चाळ जागी केली.

महिन्याभराने भाच्याचा फोन आला. “मावशी, पहिल्या परीक्षेत जेमतेम तरलो ग. बाकीच्यांची दोन वर्षांची दोस्ती. मला अजून वाचनालयाची वाट सापडत नाही.”

“मग रे?”

“मग काय! आमच्या जुन्या कॉलेजातल्या बाईंनी गणित हाताला धरून शिकवलं होतं. त्याच वह्या काढल्या.”

आपल्याकडेही पदविका घेतलेली मुले अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात जातात. मात्र त्यांची हकिगत आपण कौतुकाने सांगत नाही. माझ्या मराठीच्या वर्गातही दरवर्षी, दुसरीकडे प्रवेश न मिळालेली काही मुले मान खाली घालून बसतात. कुठे नाव लागले नाही, हे मी त्यांना विचारीत नाही. पुढे कुठे जायचे आहे, एवढेच विचारते. उत्तर द्यायला मान वर करावी लागते.