कॉटचं भाडं

2018 साली लातूर जिल्ह्यातल्या गावातून मी पुण्याला बीकॉमला आले. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही, म्हणून नारायण पेठेतल्या एका वाड्यात कॉट बेसिसवर राहिले. पुण्याबाहेरच्यांना हे उलगडून सांगावं लागतं. खोली नव्हे, खोलीतली खाट भाड्याने मिळते. आमच्या माडीवर सहा खाटा होत्या. खाटेखाली आपापली पत्र्याची पेटी, डोक्याशी भिंतीत एक खिळा. दुसरा ठोकायचा नाही. ओला टॉवेल आणि दप्तर आलटून पालटून त्याच खिळ्याला. भाडं 2,200 रुपये, पाच तारखेच्या आत, रोख. पावतीचा विषय काढला की मालकीण काकू म्हणायच्या, "अगं, आपल्यात कसल्या पावत्या?"

खाली ओसरीलगतच्या दोन खोल्यांत एक जुने भाडेकरू राहायचे. कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही सगळ्या काका म्हणायचो. दोन खोल्या, स्वतंत्र मोरी, आणि भाडं महिना 72 रुपये! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, काकू चेष्टा करतायत. पण काकूंच्या दृष्टीने ती चेष्टा नव्हतीच, तो त्यांच्या सासऱ्यांपासूनचा घाव होता. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या दरावर बांधली, आणि ती गाठ पुढे पन्नास वर्षं सुटली नाही. 1999 च्या नव्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली. 72 रुपयांवर चार टक्के म्हणजे तीन रुपयेसुद्धा नाहीत. पावसाळ्यात कौलं शाकारायला माणूस आला की काकू त्याच्या मजुरीचा आकडा काकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या.

आमच्या कॉलेजातल्या एका सीनियर ताईने मला स्वाधार योजनेचं सांगितलं. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींना सरकार राहण्याजेवणाचे पैसे देतं. पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000: जेवणाचे 32,000, राहण्याचे 20,000, इतर खर्चाचे 8,000. म्हणजे गरीब भाडेकरूला सरकारने भाडं द्यावं की नाही, यावर लोक वाद घालत असताना आपल्या राज्यात ते दिलं जातही होतं. उत्पन्नाचा दाखला होता, जातीचा होता, बारावीला 71 टक्के होते. नव्हता तो भाडेकरार. अर्ज त्रुटीत निघाला.

काकूंकडे गेले. त्या म्हणाल्या, "एकदा कागद केला की माणूस निघत नाही," आणि मानेने खालच्या मजल्याकडे खूण केली. मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मलाही धाकधूक होती. कागद कशासाठी, असं त्यांनी विचारलं असतं तर योजनेचं नाव सांगावं लागलं असतं, आणि माझ्या आडनावावरून त्यांना तोवर काही कळलेलं नव्हतं. पेठेत खाट मिळवताना मी तीन घरं फिरले होते. तिथे आधी आडनाव विचारलं होतं आणि मग खाट "कालच गेली" होती.

दोन महिने असेच गेले. भाडं मी मावशीकडून उसनं घेऊन भरत होते. दर चार तारखेला वडिलांचा, अण्णांचा, फोन यायचा, "भाडं भरलंस का बाई?" मी भरलं म्हणायचे. कुठून, ते त्यांनी विचारलं नाही.

शेवटी काकूंना पटवलं ते खालच्या काकांनीच. ओसरीवर सुपारी कातरता कातरता म्हणाले, "वहिनी, लीव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा कागद वेगळा असतो. त्यात माझ्यासारखी चिकटत नाहीत." काकूंना हसू आवरलं नाही. आठवड्याभरात करार झाला. कागद कशासाठी, हे त्यांनी विचारलंच नाही. काकांनी विचारू दिलं नसावं, असं मला अजून वाटतं.

पुढे पैसे आले, एकरकमी. मावशीचे फेडले. सरकारकडून काहीतरी मिळतं एवढं खोलीत कुणाकडून तरी फुटलं, आणि जूनमध्ये सहाही खाटांचं भाडं 200 रुपयांनी वाढलं. बाकीच्या पाचजणींना योजनेतला एक रुपया मिळत नव्हता. सरकारने भाडं दिलं की मालक भाडं वाढवतात असं म्हणणाऱ्यांना मी खोटं कसं म्हणू? ते माझ्यादेखत झालं. तरीही ते पैसे नसते तर दुसऱ्या वर्षी मी गावी परतले असते, हेही तितकंच खरं. गरिबाच्या भाड्याला हातभार लागणारच असेल तर तो सरकारी तिजोरीतून लागावा. घरमालकाच्या खिशातून लावला की काय होतं, ते काकूंच्या कौलांवर दिसत होतं. भाडेकरू निघायचाच नाही, या धास्तीपायीच माझा कागद अडला होता.

2022 ला नोकरी लागली. पगारात घरभाडे भत्ता आला. जुन्या करप्रणालीत राहून एक फॉर्म भरला, भाड्याच्या पावत्या जोडल्या, आयकर कमी झाला. मी कुठल्या जातीची, वडिलांचं उत्पन्न किती, कुणी विचारलं नाही. महिना 3,000 रुपयांपर्यंत भत्ता असलेल्या पगारदाराकडे तर पावतीसुद्धा मागत नाहीत. भाड्याची सवलत हीसुद्धा. पण हिला कुणी फुकटेपणा म्हणत नाही, आणि हिच्यासाठी कुणापुढे आडनाव लपवावं लागत नाही. 2,200 रुपये भरणाऱ्या पोरीच्या शब्दावरही तेवढाच विश्वास ठेवावा आणि पैसे महिन्याच्या महिन्याला तिच्या खात्यात टाकावेत.

ते होईल तेव्हा होवो. तुमच्या घरी खाटेवर एखादी मुलगी राहत असेल तर तिला अकरा महिन्यांचा कागद करून द्या. मुदत संपली की जागा परत मिळण्याची सोय 1999 च्या कायद्याच्या कलम 24 मध्ये आहे. आणि करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी कलम 55 ने मालकावरच टाकली आहे, भाडेकरूवर नाही.